डाएटवरच्या छोट्या कुत्र्याचा खाऊ: किती द्यायचा आणि चघळायला काय द्यायचं

सकाळचा चहा. ओट्यावर आजी, हातात बशी, बशीशेजारी ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. समोर साडेसात किलोचा पामेरियन, नजर बिस्किटावरून हलत नाही. अर्धं बिस्कीट चहात, अर्धं त्याच्या तोंडात. दुसऱ्याचंही तसंच. दुपारी भाकरीचा तुकडा, संध्याकाळी दुकानातून आलेल्या शेवेतली चिमूटभर, रात्री शाळकरी नातवाकडून आणखी काही. डॉक्टर वजन कमी करायला सांगतात तेव्हा घरचे म्हणतात, "अहो, तो जेवतच नाही फारसं." हे खोटं नसतं. ताटलीतलं तो खरोखर सोडून देतो, कारण दिवसाचा कोटा ताटलीबाहेरच भरलेला असतो.

म्हणून सुरुवात कोटा मोजण्यापासून.

हिशोब एकदाच करायचा

पशुवैद्य ज्या सूत्रापासून सुरुवात करतात ते असं: वजनाचा पाऊण घात गुणिले ७०. ऐकायला अवघड वाटतं, पण मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या मिनिटाचं काम आहे. किलोमधलं वजन तीनदा घेऊन गुणायचं आणि उत्तराचं वर्गमूळ दोनदा काढायचं. ६ किलो धरा: ६ × ६ × ६ = २१६. त्याचं वर्गमूळ १४.७. त्याचंही वर्गमूळ ३.८३. गुणिले ७० केलं की २६८. म्हणजे दिवसाला साधारण २७० कॅलरी. (पाकिटावर ज्याला किलोकॅलरी लिहितात, तीच ही कॅलरी.)

यात आजचं वजन घालायचं नाही, व्हायला हवं ते घालायचं. आजी-नातवाचा लाडका साडेसात किलोचा आहे, पण हवा ६ किलोचा, म्हणून ६. याच पद्धतीने ३ किलोला १६०, ४ किलोला २००, ८ किलोला ३३० आणि १० किलोला ३९५ च्या आसपास येतात. हा सुरुवातीचा आकडा आहे. पुढे कमी-जास्त करायचं ते काट्याकडे बघून, आणि शक्यतो तुमच्या पशुवैद्याला विचारून.

आता "व्हायला हवं ते" किती, हे इंटरनेटवरच्या जातीच्या तक्त्यातून काढू नका. आपल्याकडे सरसकट ज्याला पामेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. अस्सल पामेरियन दोन-तीन किलोच्या आत-बाहेर असतो, त्याचा तक्ता लावला तर तुमचा स्पिट्झ उपाशी मरेल. त्यापेक्षा हात लावून बघा. तळहात उघडा धरून त्याच्या मागच्या बाजूला बोटांच्या हाडांवरून दुसरा हात फिरवा: बरगड्या अशा लागल्या तर वजन ठीक. मूठ आवळून वर आलेल्या हाडांसारख्या लागल्या तर कुत्रा बारीक. आणि तळव्यावर अंगठ्याखालच्या मऊ गादीसारखं लागलं, बरगडी शोधावी लागली, तर वजन जास्त. केसाळ कुत्र्याचं नुसतं बघून काही कळत नाही. आंघोळ घालताना, केस अंगाला चिकटलेले असताना वरून बघा, कंबर आहे की पिंप आहे ते तेव्हा दिसतं.

खाऊचा वाटा दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, हा पशुवैद्यांचा सर्वसाधारण नियम. २७० चा दहावा हिस्सा २७. चहासोबतचं, दुपारचं, शिकवताना दिलेलं, गोळी ज्यात लपवली ते, चघळायला दिलेलं, सगळं मिळून २७ कॅलरी.

एका ग्लुकोज बिस्किटात साधारण २० ते २५ असतात. म्हणजे सकाळी साडेसातला आजीची बशी रिकामी झाली तेव्हाच त्याचा दिवसभराचा खाऊ संपलेला होता. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाच्या मापाने बघितलं तर त्या एका बिस्किटाचं वजन जवळपास एका मध्यम भाकरीइतकं पडतं. "एवढंसंच तर दिलं" हे आपल्या मापाने खरं, त्याच्या मापाने नाही.

घरातल्या खाऊचं खरं वजन

३० ग्रॅम पिठाची कोरडी पोळी शंभर कॅलरींची, म्हणजे चतकोरात २५. वर चमचाभर तूप लावलंत की आणखी ४५, आणि हे तूप कुणाच्याच लक्षात राहत नाही. दहा शेंगदाणे ३५ च्या घरात. शेवभाजीसाठी आणलेल्या शेवेत १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे २० ग्रॅमची मूठ ११०. शिवाय मीठ आणि तिखट. उकडलेलं अंडं ७० ते ७५, पण नुसता पांढरा भाग १७ च. केळ्याच्या सोललेल्या गरात १०० ग्रॅमला ९०, म्हणून सेंटिमीटरभर जाडीची एक चकती ८-९ कॅलरींची. रावेर-यावलकडे घरात केळ्यांचा तुटवडा कधीच नसतो, तेव्हा हे लक्षात असू द्या: एक चकती चालेल, अख्खं केळं म्हणजे तीन-चार दिवसांचा खाऊ. आणि वेफर्स म्हणजे केळं नव्हे, ते तेल आहे. १० ग्रॅमला ५० कॅलरी.

आता स्वस्त बाजू. काकडीत १०० ग्रॅमला १५ कॅलरी. दुधी तितकाच. लाल भोपळ्यात २६, फरसबीत ३१, गाजरात ४१, बिया काढलेल्या टरबुजात ३०. सफरचंद ५२, बिया आणि मधला भाग काढून. म्हणजे हरभऱ्याएवढे काकडीचे वीस तुकडे दिले तरी तीन-चार कॅलरींच्या वर जात नाहीत. काही कुत्री काकडीकडे बघतही नाहीत. त्यांना ती मिठाशिवाय उकडलेल्या चिकनच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, पाण्यावरची चरबी आधी काढून टाकून. ज्वारीच्या बिनमिठाच्या लाह्याही चांगल्या, कारण एका ग्रॅममध्ये बऱ्याच बसतात आणि ग्रॅमला चारच कॅलरी.

मन राखायला खरा खाऊ लागतोच, तेव्हा चिकन. सोललेला छातीचा तुकडा, मीठ-हळद-मसाला काही न घालता उकडायचा आणि एक सेंटिमीटरचे चौकोन कापायचे. असा एक चौकोन साधारण एक ग्रॅमचा, दीड-पावणेदोन कॅलरींचा. दहा तुकडे १६-१७ कॅलरींत होतात. दहा-दहाच्या पुड्या करून फ्रीझरमध्ये टाका, रोज एक खाली काढा. खालच्या कप्प्यात दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि उन्हाळ्यात लाइट चार-पाच तास जाऊन पुडी पूर्ण विरघळली असेल तर ती पुन्हा गोठवू नका. शाकाहारी घरात पनीर चालतं, पण ग्रॅमला तीन कॅलरी धरा, तुकडा तुरीच्या डाळीएवढा.

एवढा बारीक तुकडा बघून माणसांना वाईट वाटतं, कुत्र्याला नाही. किती वेळा मिळालं हे त्याला कळतं. किती मोठं मिळालं याचं त्याला फारसं पडलेलं नसतं. एका बिस्किटाचे आठ तुकडे करून आठ वेळा दिलेत तर तो आठपट खूश, कॅलरी तेवढ्याच.

एकत्र कुटुंबात मात्र तुकडे बारीक करून भागत नाही, कारण देणारे हात सहा असतात आणि प्रत्येकाला वाटतं की आपण एकदाच दिलं. यावर चालणारा उपाय एकच आहे. सकाळी दिवसभराचा खाऊ मोजून एका छोट्या डब्यात काढायचा आणि डबा सगळ्यांच्या हाताला येईल अशा जागी ठेवायचा. ज्याला द्यायचं त्याने त्यातूनच द्यायचं. डबा रिकामा, खाऊ बंद. आजीच्या चहाची वेळही मोडायची नाही: बिस्किटाऐवजी आजीच्या वाटीत काकडीचे तुकडे आणि चिकनचे दोन चौकोन. "त्याला देऊ नका" असं वडीलधाऱ्यांना सांगण्यापेक्षा "हे द्या" म्हणणं कितीतरी सोपं जातं.

चघळायला काय

इथे चुका महागात पडतात, म्हणून जरा थांबू. चघळायच्या वस्तूत तीन गोष्टी बघायच्या: कडकपणा, आकार आणि कॅलरी. पाकिटावर मोठ्या अक्षरात यापैकी एकही लिहिलेली नसते.

कडकपणाची परीक्षा अंगठ्याच्या नखाने होते. वस्तूवर नख जोरात रोवा. थोडाही ठसा उमटला नाही तर ती दातासाठी जास्त कडक आहे. दुसरी खूण म्हणजे ती वस्तू कुणी आपल्या गुडघ्याच्या वाटीवर आपटली तर लागेल का, याचा विचार करा. लागेल असं वाटलं तर देऊ नका. कुत्रा कडक वस्तू वरच्या जबड्यातल्या मागच्या मोठ्या दाढेने फोडतो, आणि कडक वस्तू न फुटता त्या दाढेचाच कपचा उडतो. आतली नस उघडी पडते. बाहेरून काही दिवस कळतही नाही, फक्त कुत्रा एका बाजूने खायला लागतो किंवा डोळ्याखाली सूज येते. जनावरांचे खूर, शिंगं आणि नळीची हाडं या परीक्षेत नापास होतात. हिमालयातल्या चुरपीच्या कांड्या, म्हणजे दुधाचं कडक वाळवलेलं चीज, दुकानात "नैसर्गिक" म्हणून विकल्या जातात. त्या बऱ्याचदा नखाला दाद देत नाहीत, आणि ग्रॅमला साडेतीन कॅलरी असतात. ४० ग्रॅमची कांडी म्हणजे १४० कॅलरी, सहा किलोच्या कुत्र्याचं निम्मं जेवण.

मटणाचं किंवा कोंबडीचं शिजवलेलं हाड कधीच नको. शिजल्यावर हाड ठिसूळ होतं आणि त्याच्या अणकुचीदार काड्या होतात. त्या घशात, आतड्यात रुततात.

कच्च्या चामड्याच्या पांढऱ्या गाठी मारलेल्या कांड्या आणि हाडं सगळ्यात जास्त खपतात, आणि डाएटवरच्या छोट्या कुत्र्याला त्याच सगळ्यात कमी उपयोगाच्या. दहा ग्रॅमच्या कांडीत ३५ कॅलरी, म्हणजे खाऊच्या कोट्याबाहेर. शिवाय चामडं ओलं झालं की बुळबुळीत आणि लवचीक होतं. डाएटवरचा कुत्रा भुकेला असतो. तो चघळत बसत नाही, गिळतो. मोठा तुकडा घशात बसला तर गुदमरतो, पोटात गेला तर फुगून आतड्यात अडकू शकतो.

आपल्याकडे विकत न आणता घरातच असणाऱ्या दोन वस्तू आणखी वाईट. दाणे खाऊन उरलेला मक्याच्या कणसाचा गाभा, आणि आंब्याची कोय. दोन्हींना गोड वास असतो, दोन्ही छोट्या कुत्र्याला कशीबशी गिळता येतात आणि दोन्ही पचत नाहीत. एक्स-रेमध्येही त्या नीट दिसत नाहीत, त्यामुळे निदानाला वेळ जातो. वारंवार उलटी, शी बंद, पाठ कमान करून उभं राहणं, खाण्याकडे न बघणं, यातलं काही दिसलं तर उद्याची वाट बघू नका. कचऱ्याची बादली झाकणाची हवी.

चिकनच्या वाळवलेल्या पट्ट्या कॅलरीच्या दृष्टीने वाईट नसतात, पण एक जुनी नोंद आहे. २००७ पासून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे अशा पट्ट्या खाल्लेल्या कुत्र्यांच्या आजाराच्या हजारो तक्रारी आल्या, त्यात मूत्रपिंडाच्याही होत्या, आणि नेमकं कारण हाती लागलं नाही. बहुतेक पट्ट्या चीनमधून आयात झालेल्या होत्या. पट्टीवर कुठे बनली हे लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. घरी चिकन उकडणं काही कठीण नाही.

दातांसाठीच्या काड्यांबद्दल: छोट्या जातींचे दात लवकर खराब होतात हे खरं, आणि काही काड्या दातावरचा थर थोडा कमी करतात हेही खरं. पण त्या वजनाच्या गटाप्रमाणे मिळतात, आणि दुकानदार हातात येईल ती देतो. मोठ्या कुत्र्याची काडी तोडून दिली की मोजमापही बिघडतं आणि तुकडाही गिळण्याजोगा होतो. रोज ब्रशने दात घासणं यापेक्षा सरस आहे आणि त्यात कॅलरी शून्य. पेस्ट कुत्र्यांची घ्या, माणसांची नाही.

मग द्यायचं काय? आमच्या मते पहिला नंबर पोकळ रबरी खेळण्याचा. आत भरायचं ते वेगळं नाही, त्याच्या ताटलीतलंच. कोरड्या खाद्यात साधारण १०० ग्रॅमला ३५० कॅलरी असतात. खाऊचे २७ वगळून उरलेल्या २४३ कॅलरींचं होतं ७० ग्रॅम. त्यातलं ३० ग्रॅम कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, त्यात २० ग्रॅम उकडून कुस्करलेला दुधी किंवा भोपळा मिसळा, खेळण्यात दाबून भरा आणि फ्रीझरमध्ये चार तास ठेवा. जे ताटलीत दीड मिनिटात संपतं ते इथे पंधरा-वीस मिनिटं पुरतं, आणि कॅलरी दुधी-भोपळ्याच्या तीन-पाचच वाढतात. फार घट्ट दाबलंत तर तो चिडून सोडून देतो, पहिले दोन-तीन दिवस सैल आणि न गोठवता भरा. खेळणं त्याच्या तोंडात पूर्ण जाणार नाही एवढं मोठं हवं, त्याला दोन बाजूंना भोकं हवीत (एकाच भोकात जीभ अडकू शकते), आणि रोज बाटलीच्या ब्रशने आतून धुवायला हवं. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा बाहेर राहिलेलं ओलं खाद्य दुपारपर्यंत आंबतं.

दुसरा नंबर गार गाजराचा. जाड, दहा-बारा सेंटिमीटर लांब, साधारण ६० ग्रॅम, २५ कॅलरी. चकत्या नको, त्या नेमक्या घशाच्या मापाच्या होतात. बर्फाचे खडे द्यायचा मोह उन्हाळ्यात होतो, पण ते दाताला कडक पडतात, ठेचून द्या.

आणि कुठलीही वस्तू द्या, शेवटचा तुकडा एका घासात गिळता येईल एवढा उरला की काढून घ्यायचा. हिसकावू नका, गुरगुरायला शिकेल. चिकनचा एक चौकोन नाकासमोर धरा, तो वस्तू सोडेल, मग उचला. त्याला एकट्याला वस्तू देऊन शेतावर जायचं नाही.

विषारी असलेलं, पण घरात असतंच

भरीत-पुरी, काळ्या मसाल्याचा रस्सा, ठेचा: तिखटापेक्षा काळजी कांद्या-लसणाची. त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि परिणाम दोन-चार दिवसांनी दिसतो, म्हणून संबंध जोडला जात नाही. द्राक्षं, मनुका आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात. लाडवातले, शिऱ्यातले बेदाणेही त्यातच. चॉकलेट नको. शुगर-फ्री च्युइंग गममधलं झायलिटॉल तर थोडंसुद्धा रक्तातली साखर धोक्याच्या पातळीपर्यंत उतरवतं. खानदेशात आणखी एक: गोठ्यातली सरकी आणि तिची ढेप. त्यातलं गॉसिपॉल गुरांना पचतं, कुत्र्याच्या हृदयाला मात्र त्रास देतं. डाएटवरचा भुकेला कुत्रा गव्हाणीत तोंड घालतोच, तेव्हा गोठ्याचं फाटक बघा.

कानबाईच्या सणाचे रोट, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) पुरणपोळी यात विष नसतं, तूप असतं. पण एकाच दिवशी भरपूर तूप पोटात गेलं की छोट्या कुत्र्यांना स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, आणि पाहुण्यांच्या गर्दीत कुणी किती दिलं ते कुणालाच माहीत नसतं. त्या दिवशी त्याला एका खोलीत ठेवणं उत्तम.

पाकिटावर कॅलरी नसतील तर

बहुतेक पाकिटांवर प्रथिनं, चरबी, तंतू आणि ओलावा एवढेच टक्के असतात. त्यावरून अंदाज निघतो. चारही टक्के आणि राखेचे, म्हणजे खनिजांचे, ६ (लिहिलेले नसतील तर धरून) यांची बेरीज १०० मधून वजा करा, उरले ते कर्बोदकं. मग प्रथिनं गुणिले ३.५, चरबी गुणिले ८.५, कर्बोदकं गुणिले ३.५, आणि बेरीज. समजा प्रथिनं २०, चरबी ८, तंतू ४, ओलावा १२. कर्बोदकं ५०. बेरीज ७० + ६८ + १७५ = ३१३, म्हणजे ग्रॅमला तीनच्या थोडं वर. ८ ग्रॅमचं हाडाच्या आकाराचं बिस्कीट २५ कॅलरींचं. पाकिटावर "लाइट" लिहिलंय की नाही यापेक्षा हे विश्वासाचं.

काटा हलत नसेल तर

आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के उतरणं योग्य. साडेसात किलोला हे ७५ ते १५० ग्रॅम. बाथरूमचा काटा शंभर ग्रॅमच्या खाली काही सांगत नाही, आणि कुत्र्याला कडेवर घेऊन वजा करण्यात आणखी चूक. किराणा दुकानाचा इलेक्ट्रॉनिक काटा आणि एक टोपली, दर रविवारी उपाशीपोटी, एवढं पुरे. दीड किलो उतरवायला आठवड्याला ७५ ग्रॅमच्या गतीने वीस आठवडे लागतात. आखाजीला सुरू केलं तर दसऱ्याच्या सुमारास जमतं. यापेक्षा घाई करून साधं खाद्य निम्म्यावर आणलंत तर कॅलरींबरोबर जीवनसत्त्वं आणि प्रथिनंही निम्मी होतात. फार कपात लागणार असेल तर वजन कमी करण्यासाठीचं वेगळं खाद्य असतं, ते डॉक्टरकडून लिहून घ्या.

तीन आठवडे काटा जागचा हलला नाही तर आधी लपलेल्या कॅलरी शोधा. सगळ्यात जास्त सापडते ती गोळी. रोजची गोळी पेढ्यात दाबून देणारी घरं खूप आहेत, आणि एका पेढ्यात ८० च्या वर कॅलरी असतात. तीच गोळी वाटाण्याएवढ्या मऊ पनीरमध्ये तीन कॅलरींत जाते. नंतर मांजराची वाटी, शेजारचं अंगण, पाळण्याखाली सांडलेलं. पग किंवा शिह त्झू असेल तर उन्हाळ्यात फिरणं जवळपास बंद होतं. ते योग्यच आहे, चपट्या नाकाच्या कुत्र्याला सकाळी सातनंतर बाहेर काढू नका, पण मग खाणंही त्या महिन्यांत थोडं कमी हवं. हे सगळं ठीक असूनही वजन उतरत नसेल तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. स्टेरॉइड किंवा फिटची औषधं चालू असतील तर त्यांनीही भूक वाढते. ती स्वतःहून बंद करायची नसतात, डॉक्टरांना सांगायची असतात.

हवं ते वजन आलं की खाद्य एकदम पूर्ववत करू नका. ७० ग्रॅमचं ७७ करा, दोन आठवडे थांबा, पुन्हा काट्यावर ठेवा. वजन अजून उतरत असेल तर आणखी सात ग्रॅम वाढवा. खाऊचा डबा आहे तसाच राहू द्या.